हातगुण

पडद्यावर शंभरपैकी अठ्ठावन्न हा नापासाचा आकडा उमटला, तेव्हा डॉ. दिगंबर उमाट्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. काचा स्वच्छ होत्या. समोर बघायचं टाळायला काहीतरी निमित्त हवं होतं, इतकंच.

समोर रबराच्या म्हशीमागे गिरिजा घट्टे उभी होती. उजवा हात खांद्यापर्यंत आत, गाल रबरी पुठ्ठ्याला टेकलेला, डोळे मिटलेले. या म्हशीला पशुवैद्यकीय महाविद्यालयातली पोरं 'चंद्री' म्हणत. चंद्रीच्या पोटात रबराचंच गर्भाशय होतं आणि यंत्र त्याला हवा तसा पीळ देई. गाभण म्हशीच्या गर्भाशयाला खरोखरच असा पीळ पडतो. मग वाट बंद होते, वासरू अडतं, आणि वेळेवर उपाय झाला नाही तर दोन्ही जीव जातात. तो पीळ कुठल्या बाजूचा हे आत न बघता, नुसत्या हाताने ओळखायचं, ही शेवटच्या वर्षाची सगळ्यात अवघड परीक्षा.

"झालं?" अधिष्ठाता डॉ. सुहासिनी बेळे यांनी घड्याळ बघत विचारलं. "तिसरी आणि शेवटची संधी होती ही. उमाटे, निकालावर सही करा, म्हणजे यादी आजच जाईल."

तिसऱ्यांदा नापास झालेल्याने महाविद्यालय सोडायचं, हा नियम नवा होता आणि उमाट्यांच्याच शिफारशीने झाला होता.

गिरिजाने हात बाहेर काढला. हातातला पातळ, करडा हातमोजा सोलून काढावा तसा काढला आणि टेबलावर ठेवला. रडकुंडीला आली असेल असं उमाट्यांना वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग होता.

"सर, एक विचारू? आज चंद्रीला पीळ कुठल्या बाजूचा होता?"

"उजव्या."

"मी काय सांगितलं?"

"उजवा."

"मग मी नापास कशी?"

बेळे मॅडमनीच उत्तर दिलं. "उत्तर तुक्क्यानेही बरोबर येतं, गिरिजा. गुण हाताच्या वळणाला आहेत. तुझा हात सरांच्या हातासारखा चालत नाही."

"चालू देत नाही हा मोजा, मॅडम. माझी शेवटची दोन बोटं हलली की चटका बसायलाय. करंगळी आणि तिच्या शेजारचं. त्या दोन बोटांनीच तर मला खालची घडी लागते!"

 उमाट्यांनी निकालपत्र उचललं, घडी घातली आणि खिशात टाकलं. "सही उद्या सकाळी करतो," म्हणाले, आणि मॅडमनी काही विचारायच्या आत बाहेर पडले.

*

बालाघाटच्या पायथ्याची गावं उमाट्यांना डॉक्टर म्हणून कमी आणि हातगुणाचा माणूस म्हणून जास्त ओळखत. औषध तेच, सुई तीच, पण उमाटेसाहेबांचा हात लागला की जनावर उठतं, अशी ख्याती. असा हात माणसाबरोबर संपतो, ही जुनी हळहळ. पाच वर्षांपूर्वी महाविद्यालयाने ठरवलं की आता तो संपू द्यायचा नाही. प्रकल्पाला नावही ठेवलं 'हातगुण'.

कल्पना सरळ होती. कातडीसारखा पातळ हातमोजा. त्यात दाब आणि ताण मोजणारे हजारो बारीक ठिपके. दोन वर्षं उमाट्यांनी प्रत्येक अडलेली म्हैस तो मोजा घालून सोडवली. कुठलं बोट कधी, किती जोराने, कुठे दाबलं, हे सगळं साठत गेलं. यंत्राने त्या सगळ्या वेळांची सरासरी काढून एक नमुना हात तयार केला. मग तोच मोजा विद्यार्थ्याच्या हातात. विद्यार्थ्याच्या कोपराखाली एक पट्टा बांधायचा. तो स्नायूंना विजेचे हलके झटके देई आणि विद्यार्थ्याची बोटं आपोआप सरांच्या बोटांसारखी चालू लागत. सायकल शिकताना मागून कुणीतरी धरावं तसं. बोट भलतीकडे गेलं तर चटका. दोनशे वेळा हे झालं की हाताला वळण लागतं आणि पुढे मोजाही लागत नाही. जे शिकायला उमाट्यांची पंधरा वर्षं गेली, ते पोरं सहा आठवड्यांत शिकत होती. तीन वर्षांत चारशे बारा जण असे शिकून बाहेर पडले होते. येत्या शुक्रवारी आणखी नऊ महाविद्यालयांत मोजे जाणार होते, आणि त्या समारंभाचा मांडव अंगणात उभा राहत होता.

उमाटे कँटीनमध्ये जाऊन बसले. ते चालवणाऱ्या कलावतीबाईंनी चहा आणून ठेवला आणि पलीकडच्या टेबलाकडे हनुवटी केली.

"सर, तुमची पोरं गिलास अशी का हो धरायलेत? तीन बोटांनी?"

उमाट्यांनी बघितलं. आठ-नऊ पोरं-पोरी चहा पीत होती. प्रत्येकाच्या हातात काचेचा ग्लास, अंगठा आणि दोन बोटांत धरलेला. शेवटची दोन बोटं हवेत लुळी.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," कलावतीबाई हसत म्हणाल्या. "अगदी तुमच्यासारखीच धरायलेत की."

उमाट्यांनी आपल्या हातातला ग्लास खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका खेड्यात खोड्यात, म्हणजे जनावर जखडायच्या लोखंडी चौकटीत, उभी असलेली म्हैस अचानक खाली बसली आणि त्यांचा उजवा हात दोन गजांमध्ये कोपरापाशी चिरडला. हाड वाचलं, नस गेली. करंगळी आणि अनामिका कायमची बधिर झाली. गरम-गार कळेना, दाब कळेना. बायकोला त्यांनी मुका मार म्हणून सांगितलं. बाकी कुणाला तेवढंही नाही. ज्याच्या हातगुणावर पंचक्रोशी विसंबते, त्याने हात अर्धा मेलाय म्हणून सांगायचं कसं? सांगायला हवं होतं, हे त्यांना तेव्हाही कळत होतं. पण कळतं ते सगळं वळतंच असं नाही.

त्यांनी कसर दुसरीकडून भरून काढली. म्हैस उभी कशी राहते, शेपूट कुठे टाकते, कुठल्या कुशीवर बसायला नको म्हणते, हे बघायचं. मालकाला चार प्रश्न विचारायचे. तीन बोटांना जेवढं कळलं ते आणि हे सगळं मिळून निदान करायचं. म्हशीला पीळ बहुतेक वेळा उजवाच पडतो, शंभरात पाच-सहा वेळाच डावा. शंका असली तर थोडंसं लोळवायचं, पुन्हा हात घालून बघायचं. असं करत चौदा वर्षं निभावली होती. फार थोड्या म्हशी गेल्या, आणि त्या तशाही गेल्याच असत्या, असं ते मनाला सांगत.

मोज्याने मात्र फक्त हात टिपला होता. डोळे, कान, मालकाला विचारलेले प्रश्न यातलं काहीच त्यात नव्हतं. आणि दोन बोटं कधीच दाब देत नाहीत हे पाहून यंत्राने ठरवलं होतं की ती हलवायचीच नसतात. चारशे बारा धडधाकट हातांना त्याने चटके देऊन देऊन लुळं राहायला शिकवलं होतं.

संध्याकाळी गिरिजा त्यांच्या खोलीच्या दारात आली. "सर, मी फेरतपासणीचा अर्ज केलाय. तुम्ही एकदा माझ्या हाताची नोंद बघा, एवढंच म्हणणं आहे."

"बघितली," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. तिन्ही परीक्षांच्या नोंदी तासभर त्यांच्या समोर उघड्या होत्या. दर वेळी त्याच जागी तिची दोन बोटं चटका सोसून खालच्या घडीखाली शिरत होती. "तुला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. आम्ही गवळी, सर. नऊ वर्षांची असल्यापासून धार काढायले मी. आमचे आप्पा चिमटीने धार काढू देत नव्हते, मुठीनेच काढ म्हणायचे. मुठीत शेवटी करंगळीच दूध उतरवते. ती बोटं गप्प बसतच नाहीत माझी." ती थांबली. "सर, तुम्ही ही बोटं का वापरत नाही?"

प्रश्न साधा होता. उत्तर एका वाक्याचं होतं. उमाटे म्हणाले, "प्रत्येकाची पद्धत असते," आणि टेबलावरची फाइल उघडली. ती गेल्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की दिवा न लावता ते तसेच बसून राहिले.

*

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला सही न केलेलं निकालपत्र खिशात घेऊन ते अधिष्ठात्यांच्या खोलीकडे निघाले होते. आदल्या रात्री त्यांनी मनाशी तडजोड केली होती. सही करायची, समारंभ होऊ द्यायचा, आणि मग हळूच, कुणाला पत्ता न लागता मोज्यातली ती चूक दुरुस्त करून घ्यायची. गिरिजा हुशार आहे, दुसरीकडे कुठे तरी लागेल. तडजोडी अशाच असतात. त्यात नेहमी दुसऱ्याचंच काहीतरी जातं.

जिन्यापाशी ते पोचले तेवढ्यात दवाखान्याच्या अंगणात एक टेम्पो शिरला. मागे म्हैस आडवी पडलेली, आणि तिच्या डोक्याशी पदर खोचून बसलेली एक बाई ओरडत होती, "डागदर हाईत का उमाटे? कुणीतरी बोलवा हो!"

सुंदराबाई तिचं नाव. चाळीस किलोमीटरवरून आली होती. "काल दुपारपून कळा देऊलालीय म्हणं, साहेब. पर काहीच बाहेर येईना. आता तर उठंना बी."

तिथे हजर असलेल्या तीन पदवी-प्रशिक्षणार्थींनी म्हैस खाली उतरवून घेतली आणि मोजे चढवून एकामागून एक हात घातला. तिघांचंही उत्तर एकच आलं, आणि भिंतीवरच्या पडद्यावरही तेच दिसलं. उजवा पीळ, खात्री शहाण्णव टक्के. मांडवाची पाहणी करत असलेल्या बेळे मॅडमही गर्दी बघून तिथे आल्या.

"लोळवा मग," त्या म्हणाल्या. "कशाची वाट बघताय?"

लोळवणं म्हणजे पीळ सोडवण्याचा जुना उपाय. पीळ ज्या बाजूचा, त्याच बाजूला म्हैस पलटी करायची. तिच्या पोटावर फळी टेकवून आतलं गर्भाशय जागच्या जागी दाबून धरायचं, म्हणजे शरीर फिरून त्याला गाठतं आणि पीळ उलगडतो. बाजू चुकली तर पीळ आणखी आवळतो. नुकत्याच अडलेल्या म्हशीत तेवढं चालून जातं, पुन्हा उलटं फिरवता येतं. हिचं गर्भाशय वीस तास ताणलं गेलं होतं. ते कागदासारखं झालं असणार. एकदा चुकीचं फिरवलं की फाटलंच.

उमाट्यांनी बाही दंडावर चढवली आणि उघडा हात घातला. पीळ लागला. वरची घडी लागली, तीन बोटांना स्पष्ट लागली. पण पीळ कुठल्या बाजूचा आणि किती सुटला, हे कळतं ते खालच्या घडीवरून, आणि खाली त्यांची दोन बोटं नुसतीच पडून राहिली. मग त्यांनी सवयीप्रमाणे म्हशीकडे बघितलं. ती सपाट पडली होती. उभं राहणं नाही, शेपूट टाकणं नाही, कूस नाकारणं नाही. तिच्या अंगात सांगायला काही उरलंच नव्हतं.

"काल कुठल्या कुशीवर बसत होती?" त्यांनी सुंदराबाईला विचारलं.

"मला न्हाई ठावं, साहेब. मी लेकीकडं गेलते. आले तवा पडलेलीच."

 शहाण्णव टक्के, पडदा सांगत होता. पण ते शहाण्णव टक्के म्हणजे उमाटे स्वतःच होते. ती तीन पोरं म्हणजेही उमाटेच होते. एकाच माणसाला चार वेळा विचारून चार साक्षीदार मिळाल्यासारखं झालं होतं.

गर्दीच्या कडेला गिरिजा उभी होती. नापास झालेल्यांना जनावराला हात लावायची परवानगी नव्हती.

"गिरिजा, इकडे ये. मोजा नको. हात घाल."

"उमाटे!" बेळे मॅडम पुढे झाल्या. "ती नापास आहे. उद्या काही झालं तर कोण जबाबदार?"

"मी."

गिरिजा गुडघ्यावर बसली. हात आत गेला. तिने डोळे मिटले. दहा सेकंद गेले, वीस गेले. म्हशीचा श्वास अडखळत होता आणि सुंदराबाई पदर तोंडात धरून उभी होती. पोरांपैकी एक जण हळूच म्हणाला, "इतका वेळ लागत नाही." गिरिजाने कपाळाला आठी घातली, खांदा आणखी आत दाबला. चाळीस सेकंद झाले असतील.

"डावा," ती म्हणाली. मग डोळे उघडून, "सर, डावाच आहे. खालची घडी डावीकडे वर चढतेय. पण मोजा..."

"मोज्याचं सोड. तुला खात्री आहे?"

तिने ओठ चावला. "माझ्या बोटांना आहे."

बेळे मॅडम पडद्याकडे बोट दाखवत होत्या. "तीन जण आणि यंत्र उजवा म्हणतंय. तुम्ही स्वतः काय म्हणता, ते सांगा. तुमच्या हाताला काय लागलं?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. इथे नुसतं 'डावा' म्हटलं असतं तरी भागलं असतं. उमाटे साहेब म्हणाले, बस. पुन्हा एकदा त्यांचाच हातगुण ठरला असता. तो शब्द तोंडात आलाही होता.

"माझ्या हाताला काही लागलं नाही," उमाटे म्हणाले. "या दोन बोटांना चौदा वर्षं काही कळत नाही. मेलेली आहेत ती. मी कुणाला सांगितलं नाही. मोज्याने माझा मेलेला हात या सगळ्यांना शिकवलाय." त्यांनी पडद्याकडे पाठ फिरवली. "डाव्या कुशीवर घ्या तिला. दोर आणा, फळी आणा. गिरिजा सांगेल तसं."

कुणी हललं नाही. मग सुंदराबाईच पुढे झाली आणि तिने म्हशीचे पुढचे पाय धरले. "बघत काय बसलात? पोरगी सांगायली ना!"

चौघांनी पाय बांधले. म्हैस डाव्या कुशीवर आली. पोटावर फळी टेकवून एका पोराला त्या फळीवर उभं केलं. गिरिजाने "हं" म्हटलं आणि दोर ओढले गेले. म्हैस पाठीवरून हळूहळू पलटी झाली. उमाट्यांचे हात दोरावर होते. मुलगी चुकली असेल तर आत्ता, या क्षणाला आत काहीतरी फाटत असेल.

गिरिजाने पुन्हा हात घातला. "अर्धा सुटलाय. आणखी एकदा. तशीच."

दुसऱ्या पलटीला आतून पाण्याचा लोंढा आला आणि गिरिजाची सगळी बाही भिजली. ती हसली, आणि मग तिला रडू फुटलं. वाट मोकळी झाली होती. पाव तासाने वासराचे दोन पाय बाहेर आले, मग नाक, मग ते सगळंच्या सगळं काळं, ओलं, शिंकणारं धूड सुंदराबाईच्या पायाशी येऊन पडलं.

*

दुपारी अधिष्ठात्यांच्या खोलीत बेळे मॅडमनी उमाट्यांना आणि गिरिजाला बसवून घेतलं. त्या वाईट बाई नव्हत्या. पाच वर्षं त्यांनी या प्रकल्पासाठी दारोदार खेटे घातले होते.

"शुक्रवार रद्द करते," त्या म्हणाल्या. "पण प्रकल्प मारायचं कारण नाही. हात बदलू. गिरिजा, सहा महिने मोजा घालून काम कर. तुझ्या हाताचा नमुना तयार करू. पाचही बोटं चालतात तुझी."

उमाट्यांना वाटलं, पोरगी फुलून जाईल. काल तिला काढून टाकत होते, आज तिचा हात राज्यभर जाणार होता.

गिरिजा खाली बघत म्हणाली, "माझ्या हातात काय खोट आहे ते मला अजून ठाऊक नाही, मॅडम." मग एकदा उमाट्यांकडे बघून, "सरांना तर चौदा वर्षं ठाऊक होती."

ते लागायचं तिथे लागलं. उमाट्यांनी मान हलवली. खिशातलं निकालपत्र काढून त्यांनी तिच्या नावापुढे 'परीक्षाच सदोष' असं लिहिलं, सही केली आणि कागद मॅडमसमोर ठेवला. मग चारशे बारा नावांची यादी मागून घेतली.

"पत्र पाठवू की," मॅडम म्हणाल्या.

"पत्राने हाताचं वळण जात नाही. मी फोन करतो."

पहिल्या सहा जणांना त्यांनी सरळ सांगितलं, शेवटच्या दोन बोटांचं ऐका, मी शिकवलेलं विसरा. दोघांनी फोन ठेवून दिला, एक चिडला, एकाला खरंच वाटेना. सातवं नाव व्यंकट सूर्यवंशीचं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्या तुकडीतला, चाचणीत सत्त्याण्णव मिळवलेला.

"सर, मी आता जनावरं बघत नाही," तो म्हणाला. "पेंडीचं दुकान टाकलंय. पहिल्याच वर्षी पाच म्हशी गेल्या माझ्या हातून. सगळ्या पिळाच्या. गावात म्हणायला लागले, याच्या हाताला यश नाही. खरंच असेल ते. मी अगदी तुमच्यासारखंच केलं होतं, सर. एकेक बोट तुमच्यासारखं."

उमाट्यांनी यादी बाजूला सारली.

"तुझा हात नव्हता चुकला, व्यंकट. माझा चुकला." आणि त्यांनी सगळं सांगितलं, गजांपासून आजच्या वासरापर्यंत.

"दुकान कुणाच्या तरी हवाली कर आणि सोमवारी इकडे ये," उमाटे म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून शिकायचं आहे. खऱ्या म्हशी, उघडा हात. वेळ लागेल."

व्यंकटने विचारलं, "कुणाच्या हाताखाली, सर?"

"गिरिजा घट्टे म्हणून एक मुलगी आहे, ती वाट दाखवेल. पण तिच्यासारखंच कर, असं ती कुणाला म्हणणार नाही." त्यांनी यादीतल्या सातव्या नावापुढे खूण केली. "तू माझ्या शेजारी बस. मीही नव्यानेच शिकतोय."